बिनकवाडाचं घर

आमच्या गावात घरांना कवाडं नाहीत. चौकट असते, उंबरा असतो, पण कवाड नाही, कडी नाही, कुलूप नाही. कुत्रं आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी टेकवायची, तेवढंच. शिंगणापूर म्हटलं की बाहेरची माणसं आधी हात जोडतात आणि मग विचारतात, "खरंच का हो दारं नाहीत?" नाहीत बाबा, नाहीत! एवढ्या लांबून जीप करून आलात, तर बघा की डोळ्यांनी. देव राखण करतो ही गावाची श्रद्धा. आम्ही बौद्ध. आम्हाला ना शनी, ना साडेसाती. पण गावात राहायचं तर गावाच्या रीतीनं, म्हणून माझ्या बापानं घर बांधलं तेव्हा नुसत्या चौकटी बसवल्या. त्या घरात मी आणि माझा भाऊ कारभारी वाढलो, आणि त्याच घरात कारभारीचा पोरगा बन्सी.

मी चांगुणा. कारभारीपेक्षा मोठी. लग्न होऊन केडगावला गेले होते, तिथं नवऱ्यानं दुसरी बाई आणली. त्याला गल्लीत उभा करून चार शब्द सुनावले आणि पिशवी उचलून भावाकडं आले. तेव्हापासून इथंच. माझं तोंड फटकळ आहे हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. भावजय गीता मला आक्का म्हणते. ती रोजंदारीवर जाते, कधी कांदा लावायला, कधी ऊस खुरपायला, जिथं मुकादम नेईल तिथं. कारभारी सोनईला एका अडत्याकडं हमाली करतो. घर आणि बन्सी माझ्याकडं.

बन्सी त्यांचं एकुलतं एक. उशिरा बसला, उशिरा चालला, आणि बोलला तर नाहीच. तोंडातून फक्त 'आत्त' निघतं. मी आत्या म्हणून मी 'आत्त', भाकरी पण 'आत्त', पाऊस पण 'आत्त'. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोरगं डोक्यानं लहानच राहणार. गीता तिथंच बाकड्यावर बसून रडली. मी म्हटलं, राहू दे लहान. मोठ्या डोक्याच्यांनी आपल्या घरात काय दिवे लावलेत?

पण एक होतं. पोरगं घरातून निघून जायचं.

दुपार कलली की उठायचा, उंबरा ओलांडायचा आणि चालू लागायचा. पळायचा नाही. चालायचा. मान खाली, हात मागं बांधलेले, तलाठी शिवार बघायला निघावा तसा. पारावरची टवाळ मंडळी म्हणायची, "साहेब निघाले मोजणीला." एक दिवस तो घोडेगावच्या रस्त्यावर सापडायचा, दुसऱ्या दिवशी सोनईच्या, तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेनं. नेम म्हणून नाही. कवाड असतं तर ओढून घेतलं असतं, पण इथं ओढायचं काय? तो गेला की मी हातातलं टाकून धावायची. पाट भरून वाहत असला की आधी पाटाकडंच.

कारभारीनं त्याला मारून बघितलं. मारलं की पोरगं कोपऱ्यात बसून स्वतःचा हात चावायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलली की पुन्हा चालू पडायचं. शेवटी एकदा मी सरपण घेऊन आले तर बन्सी मेढीला दाव्यानं बांधलेला. बांधून बाप कामावर गेलेला. मनगटाची सालटी निघालेली. मी विळ्यानं दावं कापलं आणि कारभारी संध्याकाळी घरी आल्यावर ते त्याच्या पायाशी टाकलं. म्हटलं, "पुन्हा याला गुरासारखा बांधलास तर मी तुला बांधीन. मला येतं बांधायला." तो जेवला पण नाही त्या दिवशी. भाऊ माझा वाईट नाही हो. त्याला काही सुचत नव्हतं.

पंच्याण्णव साली नगरहून एक बाई यायला लागली. अश्विनी मॅडम. अपंग पोरांसाठी काम करणारी कुठलीशी संस्था होती, तिच्याकडून ती गावोगाव फिरायची. एसटीनं घोडेगावला उतरायचं आणि भाविकांनी ठासून भरलेल्या जीपच्या मागं लटकत यायचं. अंगापिंडानं एवढीशी, खांद्याला भलीमोठी पिशवी. पहिल्या दिवशी तिनं बन्सीला काहीसुद्धा शिकवलं नाही. नुसती त्याच्याजवळ बसून राहिली आणि चहा पिऊन गेली. मी गीताला म्हटलं, "बरी नोकरी आहे. बसायचं आणि चहा प्यायचा."

दुसऱ्यांदा आली तेव्हा मीच विषय काढला. "मॅडम, बाकी काही नको. याला घरात ठेवायचं कसं तेवढं सांगा."

"ते मी नाही सांगणार, आत्या," ती म्हणाली. "तो का जातो, ते आधी आपण दोघी शोधू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "का जातो? अहो, त्याला का-कशाला कळत असतं तर रडायचं काय होतं? जिकडं तोंड वळेल तिकडं जातो. त्याला काय कारण असतंय?"

"असतं," ती म्हणाली. "त्याला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून तो पायांनी सांगतो. काल कुठल्या वाटेनं गेला होता?"

"पाटाच्या."

"आणि गीताताई काल कुठं होत्या कामाला?"

मी पीठ मळत होते. हात तसेच थांबले.

"पाटाच्या पलीकडं," मी म्हटलं. "कांद्याला."

"आणि परवा?"

परवा गीता घोडेगावच्या शिवारात खुरपायला गेली होती आणि बन्सी मला घोडेगावच्या रस्त्यावर सापडला होता. मी एकेक दिवस आठवत गेले. सकाळी बायांची टोळी निघायची तेव्हा हा उंबऱ्यात बसलेला असायचा. आम्हाला वाटायचं, बसलाय आपला माश्या मारत. तो बघत असायचा, आई कुठल्या वाटेनं जाते ते. दिवसभर ते डोक्यात धरून ठेवायचा, आणि दुपार कलली की त्या वाटेनं आईला आणायला निघायचा. अगं बाई! इतकी वर्षं तो मार खात होता तो आईला आणायला जातो म्हणून.

संध्याकाळी हे गीताला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. कारभारी भिंतीकडं तोंड करून बसला.

मॅडमनं मग एक युक्ती काढली. तिनं त्याला अडवायचं म्हटलंच नाही. म्हणाली, जाऊ दे, पण सांगून जाऊ दे. आमच्याकडं एक ॲल्युमिनियमची किटली होती. दुपार कलायच्या आधी चहा करायचा, किटलीत ओतायचा, किटली बन्सीच्या हातात द्यायची आणि दोघांनी मिळून गीताला चहा द्यायला जायचं. हळूहळू त्यानंच किटली आणून माझ्यापुढं धरायची. किटली धरली म्हणजे त्यानं म्हटलं, 'चल, आईकडं जाऊ.' ती त्याची बोली. मॅडम मला बजावायची, "त्यानं धरली की लगेच उठायचं, आत्या. 'थांब जरा, भांडी होऊ दे' नाही. आधी त्याचा विश्वास बसू दे, मग थांबायचं शिकवू. आणि चुकला तर ओरडायचं नाही."

ओरडायचं नाही! खरं सांगते, बन्सी भराभर शिकला. शिकायला वेळ लागला तो मला. त्यानं एकदा किटली उलटी धरून सगळा चहा माझ्या पायावर ओतला, आणि मी तोंड उघडणार तोच ही बाई समोरून मानेनं नको नको करायला लागली. गिळला मी राग. गिळलेला राग कसा लागतो ते मला तेव्हा कळलं. पण दिवाळीच्या आसपास बघा, पोरगं किटली घेऊन माझ्यापुढं उभं राहायचं, मी हात वर करून 'थांब' म्हटलं की थांबायचं, माझी शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की 'आत्त' म्हणायचं, आणि आम्ही निघायचो. पारावरची मंडळी म्हणायची, "साहेब निघाले, संगं पट्टेवालीन हाय." मी म्हणायची, "व्हय, आणि तुम्ही बसा कोतवाल होऊन." हात चावायचं त्यानं सोडून दिलं. गीता लांबून आम्हाला बघायची आणि टोळीतल्या बायांना सांगायची, "माझा चहा आला." तेवढंच म्हणायची, पण कसं म्हणायची!

तसं वर्षभर चाललं. तेवढं एकच वर्ष मिळालं आम्हाला.

त्यानंतर आली शनि-अमावस्या. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. मुंबई-पुण्याच्या गाड्या, ओल्या भगव्या पंच्यांतले पुरुष, तेलाचा वास, भोंगे. शिवारातलं काम बंद होतं, म्हणून गीता एका दुकानात पानाफुलांचे द्रोण भरायला गेली होती. सकाळी ती देवळाच्या वाटेनं गेली आणि ते बन्सीनं बघितलं. दुपारी त्यानं किटली धरली. मी म्हटलं आज नको रे बाबा. पण रोज हो म्हणायचं आणि एके दिवशी नाही म्हणायचं, हे त्याला कसं समजवणार? त्याचा हात घट्ट धरून निघाले.

गर्दीचा एक लोंढा आला आणि त्याचा हात माझ्या हातातून सुटला. मी हाका मारतेय, पण तिथं हाक कुणाला ऐकू जाणार? बन्सीला गोंगाट सोसत नाही. कानावर हात दाबून तो जवळच्या घरात शिरला. त्याला सगळी घरं सारखीच, लहानपणापासून कुणाच्याही घरात जाऊन पाणी प्यायलेला. पण आता तो सतरा वर्षांचा बाप्या झाला होता. मिशी फुटली होती. त्या घरात बाहेरगावचे पाहुणे उतरले होते, त्यांच्यातली एक तरणी बाई साडी बदलत होती. ती किंचाळली. तिच्या माणसांनी त्याला बाहेर ओढला आणि बडवला. मी पोचले तेव्हा गावातली पोरंच मध्ये पडून त्याला सोडवत होती, "अहो मारू नका, त्याला कळत न्हाई." बन्सीचा ओठ फाटला होता. किटली कुणाच्या तरी पायाखाली चेपली होती. ती उचलून त्यानं माझ्यापुढं धरली. त्याला अजून आईकडंच जायचं होतं.

गावानं आम्हाला काही वावगं म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी भिमाजी आला, आमच्या भावकीतला थोरला. कारभारीजवळ बसून हळू आवाजात म्हणाला, "पोरगं आता बाप्या झालं. काल पाहुणी हुती, उद्या गावातली एखादी असंल. मग काय करशील?" कारभारीची मान वर झाली नाही. त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेनंच सगळं ठरवलं.

नगरला मतिमंद पोरांची एक निवासी शाळा होती. तिथं ठेवायचं. मी भांडले, गीता रडली. अश्विनी मॅडम आली तेव्हा तिच्या संस्थेचं आमच्याकडचं काम बंद होणार असं तिला कळवून झालं होतं. तरी ती कारभारीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "दादा, त्यानं काही वाईट केलं नाही. गर्दीच्या दिवशी काय करायचं, ते आपण त्याला शिकवलंच नव्हतं. तेही शिकेल. त्याला थोडा वेळ द्या."

"मॅडम, तुमी आता येनार न्हाई," कारभारी म्हणाला. "मग कुनी शिकवायचं?"

मी म्हटलं, "मी शिकवीन." माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

जूनमध्ये आम्ही त्याला शाळेत सोडायला गेलो. मी, कारभारी आणि बन्सी. गीता आली नाही, तिला जमलं नसतं. अधीक्षक साहेब टेबलामागं बसलेले. त्यांनी विचारलं, "याला खोड काय आहे?"

"पळतो, साहेब," कारभारी म्हणाला.

"पळत नाही!" मी म्हटलं. "चालतो. आईकडं जातो. आणि सांगून जातो, ही किटली..."

"आक्का, गप बस," कारभारी म्हणाला.

साहेबांनी किटली हातात घेऊन बघितली आणि मला परत दिली. म्हणाले, घरचं सामान इथं ठेवता येत नाही, मुलं एकमेकांना मारतात. मी म्हटलं, साहेब, ही त्याची बोली आहे. ते हसले. चांगल्या मनानंच हसले, पण किटली माझ्याच हातात राहिली.

मग आम्हाला खोली दाखवली. लोखंडी पत्र्याचं दार, त्याला बाहेरून हातभर लांब कडी. आणि माझा भाऊ, मी कधी विसरणार नाही, माझा भाऊ त्या दारापुढं उभा राहिला आणि त्यानं ती कडी सरकवून बघितली. आत, बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. जन्मभर बिनकवाडाच्या घरात राहिलेला माणूस तो. पोरगं पाटात पडेल, गाडीखाली येईल, मार खाईल, या धास्तीनं त्याला कित्येक वर्षं धड झोप लागली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर असा निवांतपणा आला की मला बघवेना. म्हणाला, "किती भक्कम हाय गं, आक्का. आता घोर न्हाई." त्याला कडी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. केडगावला माझा नवरा कामावर जाताना मला आत ठेवून बाहेरून कडी घालायचा. मी कारभारीला तसं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "तुझं येगळं हुतं." काय वेगळं होतं?

आम्ही निघालो तेव्हा बन्सी खिडकीत होता. एसटीत बसेपर्यंत मी मागं बघितलं नाही.

मधले महिने कसे गेले ते काय सांगू. सुरुवातीला भेटायला गेलो की शाळेत म्हणायचे, तुम्ही आलात की तो बिघडतो, दोन दिवस दारावर डोकं आपटतो, जरा येऊ नका. म्हणून कारभारीनं जाणं बंद केलं आणि आम्हालाही जाऊ दिलं नाही. गीता दुपार कलली की कामातून मान वर करून वाटेकडं बघायची, असं टोळीतल्या बाया सांगायच्या. मुकादम ओरडायचा. मी घरात एकटी. दुपारी चहा करायचंच मी सोडून दिलं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि पोरांना घरी न्यायला सांगितलं. पुन्हा मी आणि कारभारी गेलो. बन्सी बारीक झाला होता. केस बारीक कापलेले, कपाळाच्या मधोमध काळा घट्टा. मला बघून 'आत्त' म्हणाला नाही. तिथं छबूबाई म्हणून एक आया होती, मायाळू होती बिचारी, तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "लई गुनी झालाय बघा. पयल्यांदा कवाडाला धडका द्यायचा. आता नुसतं टकटक करतो, आन् कुनी कडी काढंस्तवर गुमान हुभा राहतो. धडक दिली तर कडी काढायची न्हाई, गुमान राहिला तरच काढायची, अशी सवय लावली आमी त्याला." कारभारीनं तिला हात जोडले.

घरी आलो तर सगळी वस्ती बघायला जमली. बन्सी भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. "शहाणा झाला की हो पोरगा!" "किती शांत बसतोय!" "शाळेनं माणसात आणला." कारभारी सगळ्यांना चहा देत होता. त्याचा चेहरा बघून कुणालाही वाटावं, याच्या घरी आज पोरगं जन्मलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीता कामाला निघाली. बन्सी उंबऱ्यात येऊन बसला नाही. आई कुठल्या वाटेनं गेली ते त्यानं बघितलं नाही. दुपार कलली, तो उठला नाही. मी चहा करून किटली त्याच्या हातात दिली. ठोकून ठोकून सरळ केली होती मी ती. त्यानं ती जरा वेळ धरली आणि खाली ठेवली. मी म्हटलं, "चल रे, आईकडं." त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. कारभारी मला म्हणायचा, "बघ आक्का, उगंच भांडत हुतीस. सुधारला का न्हाई?" मी काय बोलणार? पोरगं पाटाकडं जात नव्हतं, हात चावत नव्हतं, कुणाच्या घरात शिरत नव्हतं. घरात एक माणूस मेल्यासारखं बसलं होतं आणि त्याला सगळे सुधारणा म्हणत होते. आणि जूनमध्ये त्याला परत नेऊन सोडायचं, हेही ठरलेलं.

मग ती संध्याकाळ. सोनईच्या अडतीला सुट्टी होती म्हणून कारभारी घरी होता. ओट्यावर बसून खाटेचा सुंभ आवळत होता. मी आत चुलीपाशी. गीताला त्या दिवशी जवळच, रस्त्यापलीकडच्या रानात काम होतं. ती घासाचा भारा डोक्यावर घेऊन वाटेनं येताना दिसली. नेहमी गप येणारी बाई, तिला काय वाटलं कोण जाणे, वाटेतच थांबली आणि तिनं हाक मारली, "बन्सी! ये की रं! माझा चहा कुठाय?"

बन्सी उठला.

मी काटवटीतल्या पिठातला हात काढला नाही. तो चालत चौकटीपर्यंत आला. समोर उघडी वाट, वाटेवर आई. उंबऱ्याच्या आत दोन्ही पाय जुळवून तो थांबला. मग त्यानं हात वर केला आणि चौकटीच्या लाकडावर बोटानं हळूच वाजवलं. टक टक. हात मागं बांधले, मान खाली घातली आणि उभा राहिला.

कारभारी हसला. "जा की लेका! उघडंच हाय."

बन्सी हलला नाही. थोडं थांबून त्यानं पुन्हा वाजवलं, पहिल्यापेक्षा हळू. जोरात वाजवलं तर कुणी उघडत नाही, हे तो शिकून आला होता.

"अरे जा की! कवाड कुठाय हितं? बघ, ह्ये बघ," म्हणून कारभारीनं मोकळ्या चौकटीतून हात आत-बाहेर करून दाखवला. बन्सीनं त्या हाताकडं बघितलं. मग बापाच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, काही नव्हतं. नुसता थांबला होता, कुणीतरी कडी काढेपर्यंत. वाटेवर गीता भारा घेऊन तशीच उभी. तिनं पुन्हा हाक मारली.

कारभारीच्या हातातला सुंभ खाली पडला. तो उठला आणि पोराच्या समोर येऊन उभा राहिला. त्याचं तोंड कसं झालं होतं ते मला सांगता येत नाही. मग त्यानं हात पुढं केला. आमच्या घराला जिथं कधीच काही नव्हतं, माझ्या बापानं जिथं सुताराला काही लावू दिलं नव्हतं, तिथं हवेत त्यानं मूठ वळली, कडी धरल्यासारखी, आणि ती बाजूला सरकवली. तोंडानं आवाजही केला, "खाड्." मग दार आपल्याकडं ओढून घेतल्यासारखा एक पाऊल मागं सरला.

"जा, बाळा," म्हणाला.

बन्सीनं उंबरा ओलांडला आणि आईकडं चालत गेला.

गीतानं भारा टाकला आणि त्याला धरलं. कारभारी मूठ तशीच वळून चौकटीपाशी उभा होता. मी बाहेर आले. मला त्याला खूप बोलायचं होतं. वर्षभर साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, आणि तुम्हाला माझं तोंड एव्हाना कळलंच असेल.

"आक्का," तो म्हणाला, "ही कडी म्याच घातली गं."

मी नाही म्हटलं नाही. पण पुढचं एक अक्षरही बोलले नाही. त्याची मूठ सुटेना, म्हणून मी ती दोन्ही हातांत धरून एकेक बोट सोडवलं.